कायदा आणि कवायत : देशोदेशीची रीत

(बचत गटांच्या मैत्रिणींसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

हातातलं काम चालू राहू द्या. तूर निवडता निवडता ऐकलं तरी चालेल.

आज आपण दोन जागांबद्दल बोलू. एक म्हणजे परेडचं मैदान आणि दुसरी कोर्टाची खोली. या दोन्ही जागा आपण बायांनी आजवर लांबूनच पाहिल्या. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला जिल्ह्याच्या ठिकाणी पोलिसांचं संचलन होतं, ते पोरांना कडेवर घेऊन पाहायचं. कोर्ट तर बहुतेकींनी सिनेमातच पाहिलेलं. पण आता दिवस बदलले. गावागावांतल्या मुली पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतात, गोळाफेकीचा सराव करतात. आणि खावटी, जमिनीची वाटणी, घरातली मारहाण अशा कामांसाठी बायांना कोर्टाची पायरी चढावी लागते. कधी आपली काही तक्रार नसते, नुसती साक्ष द्यायची असते, तरी पोटात गोळा येतो. तिथं काय होतं हे माहीत नसलं की भीती दुप्पट होते. म्हणून हा विषय घेतला.

एका मुळाचे दोन शब्द

आधी एक गंमत सांगतो. 'कायदा' आणि 'कवायत' हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठीत आले, आणि दोघांचं मूळ एकच आहे. कायदा म्हणजे नियम, आणि त्याच शब्दाचं अनेकवचन म्हणजे कवायत. पाय कसा टाकायचा, हात किती उचलायचा, याचे पुष्कळ नियम एकत्र आले की कवायत होते. कोर्टात कोणी आधी बोलायचं, कोणी नंतर, कोणी काय विचारायचं, याचेही नियमच असतात. देश बदलला की दोन्हीकडचे नियम बदलतात. ते का बदलतात, हे कळलं की आपले नियम कुठून आले तेही कळतं.

कवायती फौज आपल्याकडे कशी आली

मराठ्यांची जुनी फौज घोड्यावरची, चपळ, गनिमी काव्याची. रांगेत पाय मिळवून चालणारं पायदळ ही युरोपातली पद्धत. १७६१ च्या पानिपतात इब्राहिमखान गारदी आपल्या बाजूनं लढला. त्याचे गारदी फ्रेंच पद्धतीनं तयार झालेले होते. पुढे १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी द बॉयन नावाच्या युरोपीय सरदाराला चाकरीला घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. बंदूक भरायला वेळ लागत असे, म्हणून एका रांगेनं बार काढायचा, दुसरीनं तोवर भरायचं. त्यासाठी सगळ्यांचे पाय आणि हात एका तालात लागत. आज जी परेड आपण शोभेसाठी पाहतो, ती एके काळी जीव वाचवण्याची युक्ती होती.

आता फरक बघा. आपलं सैन्य आणि पोलीस यांची कवायत इंग्रजांच्या वळणाची आहे. हात सरळ ठेवून जवळजवळ खांद्यापर्यंत वर येतो. थांबताना आणि वळताना पाय जोरात आपटतात. स्वातंत्र्यानंतर हुकूम हिंदीत आले. सावधान, विश्राम, तेज चल, थम. शाळेत झेंडावंदनाला आपल्या पोरी 'एकसाथ राष्ट्रगीत शुरू कर' म्हणतात, ती त्याच वळणाची शाखा.

अमेरिकेचं सैन्य पाय आपटत नाही. त्यांचा हात पुढे नऊ इंच आणि मागे सहा इंच, एवढाच हलतो. रशिया, चीन, उत्तर कोरिया, व्हिएतनाम, क्यूबा या देशांत मोठ्या संचलनात गुडघा न वाकवता ताठ पाय वर उचलतात. ही चाल दीडदोनशे वर्षांहून जुन्या प्रशियाची, म्हणजे जर्मनीतल्या एका राज्याची. हिटलरच्या फौजा तशाच चालत, त्यामुळे ती चाल पाहिली की युरोपातल्या पुष्कळ लोकांना तो काळ आठवतो. पूर्व जर्मनीनं मात्र ती १९९० पर्यंत चालू ठेवली. दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि तिथली ती चाल संपली.

वेगातही फरक आहे. साधारण पायदळ मिनिटाला १२० च्या आसपास पावलं टाकतं. इंग्रजी परंपरेत 'लाइट इन्फन्ट्री' म्हणजे हलकं, चपळ पायदळ. ते मिनिटाला १४० पावलांपर्यंत चालतं. उलट फ्रान्सची 'फॉरेन लीजन' नावाची पलटण मिनिटाला ८८ पावलंच टाकते. एवढ्या संथ चालीनं मागच्यांची रांग अडेल, म्हणून पॅरिसच्या संचलनात पायी चालणाऱ्यांत त्यांना शेवटी ठेवतात. आपल्या लग्नाच्या वरातीत म्हाताऱ्या मंडळींना कुठे चालवायचं हे जसं ठरवावं लागतं, तसंच.

पॅरिसचं नाव निघालं म्हणून आपल्या अभिमानाची गोष्ट. १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस. २००९ साली त्या दिवशी पॅरिसच्या मोठ्या रस्त्यावर भारताच्या तिन्ही दलांचे सुमारे ४०० सैनिक सर्वांत पुढे चालले, आणि त्यांच्या अग्रभागी होती मराठा लाइट इन्फन्ट्री. १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली ही पलटण, आज तिचं केंद्र बेळगावला आहे. २०१६ मध्ये फ्रेंच सैनिकांची तुकडी आपल्या २६ जानेवारीला दिल्लीत चालली. २०२४ मध्ये पुन्हा आली, आणि त्या वेळी संथ चालीची ती लीजनच होती. त्याच दिवशी आपल्या तिन्ही दलांतल्या मुलींची एकत्र तुकडीही त्याच रस्त्यावरून चालली.

सलामीचंही तसंच. आपल्या भूदलात सलामीला तळहात समोरच्याला दिसतो. नौदलात तळहात खाली वळलेला असतो. हवाई दलानं २००६ पासून तळहात तिरका ठेवायला सुरुवात केली. एकाच देशात तीन सलाम्या, आणि तिघींचा मान सारखाच. म्हणून टीव्हीवर परदेशी सैनिकाची सलामी वेगळी दिसली तर त्याला काही येत नाही असं समजायचं कारण नाही.

आता कोर्टात येऊ

आपल्या मुलखातही न्यायाची रीत सारखी बदलत आली आहे. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे यायचा. पाटील, कुणबी, बलुतेदार जमायचे आणि निवाड्याचा कागद व्हायचा. सही करता न येणारा आपल्या कामाची खूण काढायचा. कुणब्याची खूण नांगर. पुरावा नसला तर 'दिव्य' करायला लावत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, हात भाजला तर खोटा. आज अंगावर काटा येतो. त्याच पेशवाईत १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी प्रत्यक्ष राघोबादादांना त्यात दोषी ठरवलं. न्याय करणारा माणूस कसा असावा, याचा दाखला म्हणून त्यांचं नाव आजही निघतं.

इंग्रज आले आणि त्यांची पद्धत आली. दोन बाजूंचे दोन वकील वाद घालतात, न्यायाधीश मध्ये बसून ऐकतात आणि शेवटी निर्णय देतात. भारत, इंग्लंड, अमेरिका यांची ही एक भावकी. फ्रान्सची रीत निराळी. तिथं गंभीर गुन्ह्यात एक न्यायाधीश स्वतः तपास करतो, आणि पुढे खटल्यात मुख्य न्यायाधीशच साक्षीदाराला आणि आरोपीला आधी प्रश्न विचारतो. वकिलांची पाळी नंतर येते. मोठ्या गुन्ह्यात तीन न्यायाधीशांसोबत सहा साधे नागरिक बसून निकाल ठरवतात. जपाननंही २००९ पासून मोठ्या गुन्ह्यांसाठी नागरिकांना न्यायाधीशांच्या शेजारी बसवलं आहे.

साध्या नागरिकांच्या या मंडळाला ज्यूरी म्हणतात. अमेरिकेत गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात बहुधा १२ जणांची ज्यूरी असते, आणि दोषी ठरवायला सगळ्यांचं एकमत लागतं. आपल्याकडेही एके काळी ज्यूरी होती. १९०८ मध्ये 'केसरी'तल्या लेखांसाठी लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत नऊ जण होते, सात युरोपीय आणि दोन पारशी. लेख मराठीत, आणि खटला चालला इंग्रजी भाषांतरावर. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली, भाषांतरावर हरकती घेतल्या. ज्यूरीनं सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांना दोषी ठरवलं आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. ज्यूरीत कोण बसतं आणि त्यांना आपली भाषा कळते का, यावर केवढं अवलंबून असतं बघा.

दुसरा खटला नौदलाचे अधिकारी नानावटी यांचा. १९५९ मध्ये मुंबईत त्यांच्या हातून एका माणसाचा गोळी लागून मृत्यू झाला. वर्तमानपत्रांनी रान उठवलं. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथं नानावटी दोषी ठरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. ज्यूरीची पद्धत आपल्याकडे हळूहळू मावळतच होती. १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागाच उरली नाही. पारशी समाजाच्या लग्न-घटस्फोटाच्या खटल्यांत मात्र समाजाचे पाच प्रतिनिधी न्यायाधीशांसोबत अजून बसतात.

ज्यूरीत बायांना बसू देणं ही गोष्टही जगात सहज झाली नाही. इंग्लंडमध्ये त्यासाठी १९१९ चा कायदा यावा लागला. फ्रान्समध्ये १९४४ उजाडलं. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात तर १९६८ पर्यंत बाई ज्यूरीत बसू शकत नव्हती. आपल्याकडे नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी इंग्लंडला जाऊन कायदा शिकल्या, पण बायांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा १९२३ मध्ये आला. मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या महिला न्यायमूर्ती १९७८ मध्ये बसल्या, सुजाता मनोहर. १९९४ मध्ये त्या तिथल्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या.

सिनेमातलं कोर्ट आणि खरं कोर्ट

सिनेमात न्यायाधीश हातोडा आपटतात आणि 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणतात. हातोडा अमेरिकेतला. आपल्या न्यायालयांत तो नसतो, इंग्लंडमध्येही नसतो.

सिनेमात गीतेवर हात ठेवून शपथ घेतात. खऱ्या कोर्टात आज कुठलाही ग्रंथ लागत नाही. १९६९ च्या कायद्यानुसार तुम्ही देवाची शपथ घेऊ शकता, नाहीतर नुसतं गांभीर्यानं खरं सांगण्याचं वचन देऊ शकता. दोन्हीचं वजन सारखं. बारा वर्षांखालच्या लेकराला समज असेल पण शपथेचा अर्थ कळत नसेल, तर शपथेविनाही त्याची साक्ष घेतात. फ्रान्सच्या मोठ्या गुन्ह्यांच्या कोर्टात साक्षीदार उजवा हात वर करतो आणि द्वेष न ठेवता, भीती न बाळगता सगळं खरं सांगण्याची शपथ घेतो. ही रीत आम्हाला फार आवडली. आपल्या शपथेत ते शब्द नसले तरी मनात ठेवायला कोणाची हरकत नाही.

सिनेमात सगळे 'माय लॉर्ड' म्हणतात. भारताच्या बार कौन्सिलनं २००६ मध्येच ठरवलं की वकिलांनी खालच्या न्यायालयात 'सर' किंवा आपल्या भाषेतला तसा शब्द वापरला तरी पुरे. आपण 'साहेब', 'मॅडम' म्हटलं तरी अपमान होत नाही.

बसण्याच्या जागाही बघा. अमेरिकेत आरोपी आपल्या वकिलाशेजारी टेबलाशी बसतो, आणि त्याला तुरुंगाच्या कपड्यांत ज्यूरीपुढे उभं राहायची सक्ती करता येत नाही. नुसतं रूप पाहून मन कलुषित होऊ नये म्हणून. आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये आरोपीची जागा वेगळी, कठड्याची. साक्षीदाराचाही पिंजरा असतो. पिंजरा हा शब्दच वाईट, पण त्यात उभं राहिलं म्हणजे आपण गुन्हेगार झालो असं नाही. ती नुसती सगळ्यांना दिसेल अशी जागा आहे.

आपली साक्ष : पायरी पायरीनं

समन्स आलं की आधी तारीख, न्यायालयाचं नाव आणि खटल्याचा नंबर बघा. तो कागद सोबत न्या. आपली पाळी आली की शिपाई मोठ्यानं नाव पुकारतो. हुकूम सोडल्यासारखा आवाज येतो, पण ती रीत आहे, रागावणं नाही.

शपथ झाली की ज्या बाजूनं बोलावलं तो वकील आधी विचारतो. याला सरतपास म्हणतात. मग विरुद्ध बाजूचा वकील विचारतो, तो उलटतपास. इथं तो प्रश्नातच उत्तर घालून विचारू शकतो : 'तुम्ही त्या वेळी वावरात होता, म्हणजे तुम्ही काही पाहिलंच नाही, खरं ना?' असा प्रश्न आला की घाई करू नका. पूर्ण ऐका. पाहिलं असेल तर पाहिलं म्हणा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. गरज पडली तर शेवटी पहिला वकील फेरतपास घेतो. फ्रान्समध्ये न्यायाधीश स्वतः खोदून विचारतात. आपल्याकडे वकील झगडतात, पण न्यायाधीश हवं तेव्हा मध्ये प्रश्न विचारू शकतात, आणि अपमान करणारे, नुसते छळणारे प्रश्न त्यांना थांबवता येतात. वकिलाचा आवाज चढला तर न्यायाधीशांकडे पाहून बोला.

जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाचं, म्हणजे आपल्यासाठी नागपूर खंडपीठाचं, काम इंग्रजीत चालतं. फौजदारी खटल्यात साक्ष लिहून झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. चूक दिसली तर तिथंच सांगायचं. टिळकांनी भाषांतरावर हरकत घेतली होती, आपणही आपल्या शब्दांवर लक्ष ठेवावं. वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका.

जास्त वेळ उभं राहवत नसेल, पोटुशी असाल, अंगावरचं लेकरू असेल तर खुर्ची मागा, पाणी मागा. मागण्यात लाज नाही.

लैंगिक अत्याचाराचा खटला बंद दाराआड चालवायचा, आणि शक्यतो महिला न्यायाधीशांपुढे, असं कायदा सांगतो. पोलिसांना तपासात बाईची साक्ष हवी असेल तर तिला ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथं येऊन विचारावं लागतं. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, त्यांतही ही सोय कायम आहे.

आणि वकिलाचा खर्च? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला समिती असते. १५१०० हा देशभराचा मदतीचा नंबर आहे. अर्ज साध्या कागदावर करता येतो.

कोर्टातून मैदानावर

आता शेवटची गोष्ट. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिन्ही दलांचे अधिकारी तिथं घडतात. कित्येक वर्षं तिथं फक्त मुलगेच घेत. मुलींना प्रवेश का नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याआधी १७ फेब्रुवारी २०२० ला याच न्यायालयानं सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा हक्क दिला होता. बायांचं शरीर आणि घरसंसार यांच्या नावाखाली सरकारनं मांडलेली कारणं न्यायालयानं मानली नाहीत. २०२१ मध्ये प्रबोधिनीच्या परीक्षेला मुलींना बसू द्या, असा हुकूम झाला. २०२२ मध्ये पहिल्या मुली आत गेल्या. तीन वर्षं त्यांनी मुलांच्या बरोबरीनं कवायत केली. ३० मे २०२५ ला १७ मुली तिथून बाहेर पडल्या. निरोपाच्या संचलनात संथ चालीनं शेवटच्या पायऱ्या चढतात, त्याला 'अंतिम पग' म्हणतात. त्या पायऱ्या मुलींनी पहिल्यांदाच चढल्या.

ही वाट कोर्टातून गेली. कोणीतरी अर्ज केला, वकील उभे राहिले, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, निकाल लागला, आणि मग मैदानाचं फाटक उघडलं. आपल्या गावातली एखादी मुलगी आज पहाटे डांबरी रस्त्यावर धावते आहे. तिला 'मुलीच्या जातीला हे शोभत नाही' असं कोणी म्हणालं, तर ही गोष्ट सांगा. आणि समन्स आलं म्हणून रडत बसलेल्या शेजारणीला एकटीला पाठवू नका. गटातली एक जण तिच्यासोबत एस.टी.त बसा.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

आपल्या गटात कोणी साक्ष दिली आहे का? तिला काय अवघड गेलं, काय सोपं वाटलं, ते तिच्याच तोंडून ऐका.

दोघींनी वकील व्हा, एकीनं न्यायाधीश, एकीनं साक्षीदार. गटाच्या एखाद्या जुन्या हिशेबावर सरतपास आणि उलटतपास करून बघा. हसू येईल, पण धीरही येईल.

१५१०० हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गावातल्या कोणत्या मुली भरतीची तयारी करतात? त्यांना धावायला सुरक्षित जागा, सकाळचं दूध-अंडं, यासाठी गट काय करू शकतो?